दोनशे टाक्यांची शाल

पनवेलला कुणाला लोकरीची गरज पडत नाही. खाडीवरून येणारी दमट हवा बारा महिने अंगाला चिकटलेली असते, आणि तिथली माणसं जिला थंडी म्हणतात ती पहाटे उठून बघायला जावं तर आटोपलेली असते. मी नाशिकची. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच पौषात सासूबाई कानांवर पदर गुंडाळून म्हणाल्या, "काय बाई कडाका पडलाय!" मी तेव्हा घाम पुसत विहिरीवर पाणी ओढत होते. मला हसू फुटलं. पण नव्या सुनेनं हसायचं नसतं, म्हणून खोकले. त्यावर सासूबाईंनी मला सुंठीचा काढा पाजला.

अशा गावात मला शाल विणावी लागली, याला माझी आई जबाबदार. त्या काळी मुलगी बघायला आलेल्या मंडळींपुढे मुलीच्या हातचं काम मांडून ठेवत. आमच्या घरी मण्यांचा पोपट, क्रोशाचा रुमाल आणि लोकरीचं टोपडं असं मांडलं होतं. पोपट मावशीचा, रुमाल शेजारच्या काकूंचा. टोपडं मात्र खरोखर माझं. सासूबाईंनी नेमकं तेच उचललं, उलटसुलट करून पाहिलं, आणि आईला तेवढं पुरलं. "विणकामात हिचा हात धरणारं आमच्या आळीत कुणी नाही," आई म्हणाली. खरं होतं ते, कारण आमच्या आळीत सुयांवर दुसरं कुणी विणतच नव्हतं. पण टोपड्यापलीकडे माझीही मजल कधी गेली नव्हती, हे काही आईनं सांगितलं नाही.

लग्नाला वर्ष झालं आणि गावातल्या बायकांची बद्रीकेदारची यात्रा ठरली. एक शास्त्रीबुवा वैशाखात घेऊन जाणार होते. आमच्या सासूबाईंचं माहेर पेण आणि सासर पनवेल. सगळं आयुष्य त्या एका रस्त्यावर जाण्यायेण्यात गेलेलं. माझ्या लग्नाला नाशिकला आल्या, तोच त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास. घरात त्यांनी कधी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. साधं मीठ संपलं तरी त्या "मीठ संपलं" म्हणत, "आणा" म्हणत नसत. त्या दिवशी मात्र पानं वाढता वाढता त्या म्हणाल्या, "मला जायचंय." मामंजींचा हात घासासकट थांबला.

मामंजी दुष्ट नव्हते. फार बोलत नसत एवढंच. आणि जे बोलत ते कोर्टाच्या निकालासारखं, पुन्हा बदलत नसे. सासूबाईंची छाती नाजूक. श्रावण लागला की त्यांच्या छातीत बाजाची पेटी वाजायला लागायची. मामंजींनी घास संपवला आणि म्हणाले, "बर्फावरचं वारं अडवील असं पांघरूण असेल तर जा. नाहीतर बद्रीनारायणाला इथूनच हात जोडा."

"मुंबईहून चांगली शाल मागवू या," हे म्हणाले. हे म्हणजे आमचे हे. शाळेत गणित शिकवायचे.

"विकतची कशाला?" सासूबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "माझी सून विणते की!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी आळीभर झाली. विहिरीवर बायका मला "लोकर आली का?" विचारू लागल्या. आता विकतची आणायची सोय राहिली नव्हती. शाल जमली तर सासूबाई जाणार, फसली तर राहणार, असा सरळ हिशेब झाला, आणि तो सगळा माझ्या दोन हातांवर येऊन बसला. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

शाल विणायची म्हणजे आधी सुई ठरवायची. सुई बारीक घेतली की टाका लहान आणि वीण घट्ट; जाड घेतली की टाका मोठा आणि वीण सैल. त्यातून सुयांच्या नंबरांचा कारभार उलटा. नंबर वाढत जाईल तशी सुई किडकिडीत होत जाते. आमच्या ह्यांना हे फार पटलं. शाळेतही असंच, म्हणाले. जितका मोठा नंबर तितका विद्यार्थी कच्चा. माझ्याजवळ होत्या त्या टोपड्याच्या, फारच बारीक. बाजारात जाऊन विणायच्या सुया मागितल्या तर एका दुकानदारानं गोणी शिवायचं दाभण दाखवलं, आणि मी "जोडी द्या" म्हटल्यावर माझ्याकडे संशयानं पाहिलं.

मग ज्याला जे सुचलं ते त्यानं आणलं. ह्यांनी सायकलच्या दुकानातून चाकाच्या दोन तारा आणून दगडावर घासून दिल्या. सासूबाईंनी माळ्यावरच्या मोडक्या छत्रीच्या काड्या उपसल्या. मला मात्र जाड सुया हव्या होत्या. नाशिकला मोठ्या काकूंची शाल मी पाहिलेली. सैल, मऊ, अंगावर टाकली की नुसती ओघळायची. म्हणून जवळच्या नेरे गावाहून टोपल्या घेऊन येणाऱ्या बाईला मी गाठलं आणि बांबूच्या दोन सुया तासून मागितल्या.

"केवरी जार पायजे?" तिनं विचारलं.

"करंगळीएवढी."

"कोणाच्या करंगलीयेवरी? तुजी बग, भेंडीवानी हाय. माजी बग." तिनं आपली करंगळी माझ्या नाकासमोर धरली. ती चांगली वेलची केळ्याएवढी होती.

मी घरात जाऊन ह्यांची शिसपेन्सिल आणली. "ही बघ. अशी."

"मंग पयलंच सांगायचं ना," ती म्हणाली आणि पेन्सिल कमरेला खोचून घेतली. "येवऱ्या जार सुईनं काय घोंगरी इनतेस का काय?"

पुढच्या बाजाराला तिनं काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केलेल्या सुरेख सुया आणून दिल्या. पेन्सिल तिच्याकडेच राहिली आणि आमचे हे आठवडाभर ती सगळ्यांच्या अंथरुणांखाली शोधत होते.

मुंबईला जाऊन-येऊन असणाऱ्या एका स्नेह्यांकरवी मामंजींनी राखी रंगाची लोकर मागवली. मी तीन सुयांचे तीन नमुने विणले, तळहाताएवढे, आणि ओळखू यावा म्हणून बांबूच्या नमुन्याच्या कोपऱ्यात लाल दोरा बांधला. दुपारी चहाच्या वेळी तिन्ही मांडले. घरात एवढी चर्चा माझ्या लग्नाच्या याद्यांच्या वेळीही झाली नसेल.

सायकलच्या तारेचा नमुना पुठ्ठ्यासारखा झाला होता. उभा केला तर उभा राहिला. सासूबाईंना तोच आवडला. "घट्ट आहे. वारं शिरणार नाही." माझ्या नमुन्यात त्यांनी बोट घातलं, ते पलीकडे निघालं. "आणि ही काय गं, माशांची जाळी?"

"आई, शाल अशीच असते," मी म्हटलं. "सैल विणीत हवा अडकते, ती ऊब धरते."

"अडकते कशी? माझं बोट नाही अडकलं."

हे म्हणाले, छत्रीच्या काडीचा नमुना मध्यम आहे, मध्यममार्ग घ्या. ह्यांचं सगळ्याच बाबतीत असं. त्यामुळे त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नसे. मामंजींनी माझा नमुना डोळ्यासमोर धरला, त्यातून आमच्या सगळ्यांकडे पाळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाले, "सगळी मंडळी दिसतात." नमुना ठेवून ते बाहेर निघून गेले. निकाल माझ्याविरुद्ध लागला होता.

मी हट्टाला पेटले. विणीन तर बांबूच्या सुयांनी, असं म्हणून मी मामाच्या घरच्या मुंजीला अलिबागला निघून गेले. चांगली आठ दिवस राहिले. परत आले, तर दारातच सासूबाईंनी तो लाल दोऱ्याचा नमुना माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "हाच पसंत आहे. मामंजींनाही दाखवला. हो म्हणाले."

मला आभाळ ठेंगणं झालं. नमुना जाडसर, मऊ, घट्ट लागत होता. बोट तर सोडाच, टाचणी गेली नसती. थोडा लहानही वाटला. पण जिंकलेल्या माणसाला तपासणी सुचत नाही. "बघा, मी म्हणत नव्हते?" एवढंच मी म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "वापरलं की बसतं. आम्ही आपले उगीच घाबरलो."

टाके किती घालायचे ते काढायला हे पट्टी घेऊन बसले. माझं आणि गणिताचं पहिल्यापासून जमलेलं नाही. आता घरातच मास्तर असताना मी कशाला डोकं शिणवू? ह्यांनी नमुना मोजला. इंचात पाच टाके. शालीचा पन्हा चाळीस इंच. "चाळीस पंचे दोनशे," त्यांनी खडूनं फरशीवर लिहिलं आणि दोनदा ताळा करून दाखवला. दोनशे टाके मी सुईवर घातले आणि चैत्रात विणायला बसले.

चैत्रात, पनवेलला, मांडीवर लोकर घेऊन. ज्यानं ते केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. हात घामेजायचे, लोकर बोटांना गुंडाळायची, विणलेला भाग मांडीवर मांजरासारखा बसून राहायचा आणि मांजरासारखा उठायचं नाव घ्यायचा नाही. जाणारी-येणारी माणसं ओटीपाशी थांबून बघत. एकीनं मला हळूच विचारलं, "काही व्रत आहे का?"

लोकर पुरेना. दोन खेपा पुन्हा मागवली. रंग थोडा थोडा वेगळा आला, म्हणून शालीला आपोआप पट्टे पडले. "मुंबईचे दुकानदार वजनात मारतात," सासूबाई म्हणाल्या. आपण विणतोय ती वस्तूच मोठी होतेय, अशी शंका कुणालाही आली नाही. येणार कशी? दोनशे टाके लांब सुईवर दाटीवाटीनं चुण्या पडून बसलेले; पन्हा केवढा आहे ते सुईवरून उतरेपर्यंत दिसत नाही. टाके मला जरा मोठे वाटत होते. पण "वापरलं की बसतं," हे मी ऐकलं होतंच. लांबी मात्र मी सासूबाईंच्या अंगाला लावून बरोबर धरली.

निघायला आठवडा राहिला तेव्हा शाल संपली. मी टाके बंद करायला घेतले आणि तसतशी ती मोकळी होऊ लागली. झोपाळ्यावरून उतरली, जमिनीवर आली, पसरत पसरत देवघराच्या उंबऱ्याला लागली. मी थांबले नाही. थांबून करणार काय? शेवटचा टाका बंद केला तेव्हा माजघरात उभं राहायला जागा नव्हती आणि आम्ही सगळे भिंतीला पाठी लावून उभे होतो.

"ही शाल?" मामंजी म्हणाले. "की लग्नाचा मांडव?"

सासूबाईंनी ती अंगावर घेतली. एक टोक डोक्यावर, एक पायांखाली, मधे कुठेतरी सासूबाई. आतून आवाज आला, "जास्तीचं कापून टाक की गं."

"विणलेलं कापता येत नाही, आई! एक धागा कापला की सगळं उसवतं!"

आणि मला रडू कोसळलं. वीण पुन्हा माशांच्या जाळीसारखीच झाली होती. मामंजींनी एक टोक उचलून डोळ्याला लावलं होतं, आणि त्यांना काय दिसत असेल ते मला कळत होतं. सासूबाई शालीतून बाहेर आल्या, घडी घालू लागल्या. "पुढल्या वर्षी जाईन," एवढंसुद्धा म्हणाल्या नाहीत. त्यांचं ते घडी घालणं मला आजही आठवतं.

रागारागानं मी नमुना काढून शालीवर आपटला. "मग हा असा का? त्याच सुया, तीच लोकर, तोच हात! हा असा घट्ट कसा झाला?"

"कसा म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "भात उतरवून उतरवून झाला."

आमच्याकडे सोवळं कडक. सुती फडकं धुऊन, कुणाचा हात न लागता वाळलं तरच स्वयंपाकघरात चालायचं. लोकर मात्र विटाळत नाही. म्हणून तर लोकरीची धाबळी नेसून स्वयंपाक करायची पद्धत. मी मुंजीला गेले आणि सासूबाईंना चुलीवरचं भांडं धरायला जन्मात मिळाली नव्हती अशी सोयीची वस्तू मिळाली. रोज त्यांनी माझ्या नमुन्यानं भात उतरवला. एकदा तो कढत पेजेत पडला. मग रिठ्याच्या कढत पाण्यात चोळला, पिळला, दगडावर आपटला. "आधी किती विरळ होता," त्या मला समजावत म्हणाल्या. "मीच तो सुधारला."

कुणी काही बोलण्याआधी ह्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे माझं गणित बरोबर होतं!"

आम्ही तिघांनीही त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ते पट्टी घेऊन परसात जायला निघाले. पण दारातूनच त्यांनी मागे वळून पाहिलं. "नमुना उकळून इंचाला पाच झाले. शाल उकळली तर तीही पाचच होईल ना?"

"उकळा मग!" मी ओरडले. "तिनंही भात उतरवा!"

मी चिडून बोलले होते. मामंजींनी मात्र उपरणं खांद्यावरून काढून खुंटीला लावलं, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "हंडा काढा. मी लाकडं फोडतो." तोवर मला वाटत होतं की मामंजींना सासूबाईंनी जायला नकोच आहे. ते साठीचे गृहस्थ भर उन्हात कुऱ्हाड घेऊन बसलेले पाहिले आणि मला माझीच लाज वाटली.

ती दुपार परसात गेली. हंड्यात रिठे रटरटत होते. शाल घंगाळात घालून हे पायांनी तुडवत होते आणि मी वरून कढत पाणी ओतत होते. ते उडी मारत, आणि तेवढ्यात मी गार ओतत होते. सासूबाई काठीनं ढवळत होत्या आणि तोंडानं विष्णुसहस्रनाम चालू होतं. मामंजी मधूनमधून पट्टी लावून पाहत. "चौपन्न." मग "सत्तेचाळीस." चाळीस झाले तसे म्हणाले, "थांबा," आणि हे थांबले ते एकदम बसलेच.

पन्हा पट्टीबरहुकूम आला. लांबी मात्र आम्ही सगळेच विसरलो होतो. पन्ह्याबरोबर तीही आटली. कुरडया-पापडांच्या शेजारी बाजेवर दोन दिवस वाळून जे तयार झालं ते सासूबाईंना गळ्यापासून कमरेपर्यंत आलं, आणि अंगावर घेतलं तरी आपलं आपण उभं राहिलं. पट्टे एकमेकांत मुरून गेले होते. टोपल्यावाली आली होती, ती बघून नुसती माझ्याकडे पाहून मान हलवत राहिली.

मामंजींनी शाल दोन्ही हातांनी ताणून धरली. मला पलीकडे पेटतं निरांजन घेऊन उभं केलं. अलीकडून त्यांनी फुंकर मारली. ज्योत हलली नाही. दुसरी मारली, जोरात. नाही हलली. तिसऱ्या फुंकरीला त्यांना खोकल्याची उबळ आली आणि सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिऊन मामंजी म्हणाले, "जा."

वैशाखातल्या भर अकराच्या उन्हात एस्टी स्टँडवर सासूबाई ती शाल पांघरून उभ्या होत्या. घामाच्या धारा लागल्या होत्या. बाकीच्या बायका पदरानं वारा घेत त्यांच्याकडे पाहत होत्या. "आई, काढा हो, घाटापलीकडे घाला," मी म्हटलं. त्यांनी डोळ्यानंच मामंजींकडे खूण केली आणि कुजबुजल्या, "त्यांचं मन बदलायच्या आत गाडी सुटू दे." मोटार वळणाआड जाईपर्यंत खिडकीत तो राखी ठोकळा दिसत होता.

जाऊन आल्या त्या रंगानं काळवंडून आणि खणखणीत आवाजात. छातीत पेटी नाही, काही नाही. "थंडी होती का हो?" मी विचारलं. "होती असं बाकीच्या म्हणत होत्या," त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी मी त्यांना चांगली, मऊ, ओघळणारी शाल विणून देते म्हणाले, तर चक्क हात जोडले.

त्यानंतरच्या पौषात मी बाळंतपणाला नाशिकला होते. मुलगी झाली. त्या वर्षी नाशिकला खरा कडाका होता. बारशाला सासूबाई आल्या, पुन्हा तेवढ्याच लांब. पण आता नाशिक त्यांच्या हिशेबी पेणइतकंच जवळचं झालं होतं. त्यांनी पिशवीतून शाल काढली, आईच्या शिवणाच्या पेटीतून कात्री घेतली आणि शालीच्या मधोमध लावली.

"अहो विहीणबाई!" आई किंचाळली. "विणलेलं आहे ते! सगळं उसवेल!"

कात्री शांतपणे शेवटपर्यंत गेली. एक टाका सुटला नाही. उकळून, तुडवून शाल अशी एकजीव झाली होती की आता कुठूनही कापली तरी उसवायची नव्हती. सासूबाईंनी अर्धा तुकडा माझ्या मुलीभोवती गुंडाळला, गळ्याशी नीट दाबला.

"आई, तुमची बद्रीची शाल होती ती," मी म्हटलं.

"माझं जाऊन झालं गं," त्या म्हणाल्या. "आता हिला जायचंय." आणि उरलेला अर्धा हातात घेऊन त्या चुलीवरचं दूध उतरवायला गेल्या.